पाताळपाणी–कालाकुंड घाटाच्या मॉडेलसाठी खरे वाटणारे कातळ कसे करावेत?

मीटरगेज_इंदूर (इंदूर)

नमस्कार मंडळी,

महू–खंडवा या जुन्या मीटरगेज मार्गावरील पाताळपाणी ते कालाकुंड हा घाटाचा टप्पा मी घरी एचओ प्रमाणात, म्हणजे १:८७ मध्ये, उभारत आहे. मीटरगेजच्या दोन रुळांमधील अंतर एक मीटर असते; त्याला ८७ने भागले की साडेअकरा मिलिमीटर येतात, म्हणून रूळ १२ मिलिमीटर गेजचे घेतले आहेत. घाटाचा ४०ला १ (४० फूट पुढे गेल्यावर एक फूट वर) हा मूळ चढ आठ फुटांच्या पूर्ण फळीवर तसाच ठेवला आहे. लाकडी चौकट, वळणे आणि बोगद्याची जागा ठरली असून आता डोंगराचा कातळ करायचा आहे.

परदेशातून मागवता येणारे तयार रबरी साचे मी पाहिले. त्यांत तिरके थर, टोकदार सुळके आणि धारदार कपारी असतात. ते कातळ सुंदर दिसतात, परंतु त्यांच्याजवळून आपले वायडीएम-४ हे मीटरगेजचे डिझेल इंजिन निघाले तर ते माळव्यातून चालले आहे असे कोणालाही वाटणार नाही. २५ डिसेंबर २०१८ पासून या टप्प्यावर हेरिटेज गाडी धावू लागल्यानंतर अनेकांनी हा घाट खिडकीत बसून निवांत पाहिला आहे, त्यामुळे आपल्याकडचा प्रेक्षक चुकीचा दगड लगेच ओळखेल.

माझे प्रश्न असे आहेत. हा विशिष्ट दगड साकारण्यासाठी साचा कशावरून घ्यावा? फळी अधूनमधून भिंतीवरून उतरवावी लागते, तेव्हा वजन कसे आटोक्यात ठेवावे? इंदूरमध्ये सियागंजसारख्या बाजारात सहज मिळणाऱ्या वस्तूंतून हे काम होईल का? शिवाय, पाताळपाणीचा धबधबा सुमारे ३०० फूट उंचीचा सांगितला जातो. १:८७ मध्ये तो साडेतीन फुटांच्या आसपास जातो आणि माझ्याकडे तेवढी उंची नाही. अशा वेळी काय लहान करावे आणि काय तसेच ठेवावे?

कातळवाचक (महू)

आपला विषय वाचून फार आनंद झाला. मी भूविज्ञान शिकलो आणि पुढे तोच विषय शिकवला, म्हणून दगडाच्या बाजूने लिहितो. ओतकामाविषयी इथे माझ्यापेक्षा जाणकार लोक आहेत.

हा सगळा घाट दख्खनच्या बेसाल्टचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक थरांनी पसरत गेला आणि त्या थरांची बैठक आजही जवळजवळ आडवीच आहे. प्रत्येक थराचा खालचा आणि मधला भाग घट्ट, कठीण आणि उभ्या भेगांचा असतो. वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र असतो, लवकर झिजतो आणि मागे सरकतो. त्यामुळे घट्ट भागाचा उभा कडा, त्यावर सच्छिद्र भागाचा गवताळ उतार आणि पुन्हा पुढच्या थराचा कडा, अशी रचना तयार होते. आपल्या मॉडेलमध्ये ही आलटून-पालटून येणारी रचना दिसली, तर एखादा दगड कमी-अधिक जमला तरी डोंगर माळव्याचाच वाटेल. दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी विटकरी-तांबड्या मातीचा पट्टा असतो. एका लाव्हाप्रवाहाचा माथा हवेत झिजला आणि त्यावर पुढचा प्रवाह आला, त्याची ती खूण आहे. असा एकच पट्टा दाखवावा आणि तो बारीक ठेवावा.

आता एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण ती मी फारशा मॉडेलांत पाहिलेली नाही. आपला लोहमार्ग चढतो, पण लाव्हाचे थर चढत नाहीत. आठ फुटांच्या फळीवर ४०ला १ या चढाने रूळ सुमारे सहा सेंटिमीटर वर जातील. म्हणजे खालच्या टोकाला एखादा तांबडा पट्टा रुळाच्या सहा सेंटिमीटर वर असेल, तर वरच्या टोकाला तोच पट्टा रुळाच्या पातळीला येऊन मिळाला पाहिजे. बहुतेक लोक नकळत दगडाचे थर रुळाला समांतर घेतात आणि मग चढ असूनही तो डोळ्यांना जाणवत नाही. आपण चौकटीवर लेव्हल लावून आडव्या रेषा आधीच आखून घ्या आणि प्रत्येक ओतीव तुकडा त्या रेषांना धरून बसवा. गाडी थर ओलांडत वर जाते आहे हे दिसले की घाट खरा वाटू लागतो.

धबधब्याच्या उंचीबाबत माझे मत स्पष्ट आहे: थरांची जाडी कमी करू नये, थरांची संख्या कमी करावी. दहा मीटर जाडीचा एक थर आपल्या प्रमाणात साडेअकरा सेंटिमीटर होतो. सगळे थर चेपून तीन-तीन सेंटिमीटरचे केले, तर शेजारी उभा असलेला डबा अचानक अवाढव्य वाटू लागेल. त्याऐवजी खऱ्या जाडीचे तीन किंवा चार थर घ्यावेत आणि धबधब्याचा तळ झाडीत लपवावा.

बारकाव्यांनाही हेच माप लावावे. अर्ध्या मीटरच्या अंतराने असलेल्या भेगा आपल्याकडे सहा मिलिमीटरवर येतील, त्या अवश्य दाखवाव्यात. परंतु सच्छिद्र बेसाल्टमधील एक सेंटिमीटरचे छिद्र इथे मिलिमीटरचा नववा भाग होते. ते डोळ्याला दिसणारच नाही. म्हणून सुईने भोके पाडू नयेत. तो भाग केवळ किंचित खडबडीत आणि फिकट तपकिरी ठेवावा.

कटिंगच्या, म्हणजे रुळासाठी डोंगर कापलेल्या भागाच्या, वरच्या कडेला, जिथे दगड मुरूम होत चालला आहे, तिथे गोलसर धोंडे दिसतात. भेगांमधून पाणी शिरते, चौकोनी ठोकळ्यांचे कोपरे आधी झिजतात आणि कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर सुटत आत गोल गाभा उरतो. असे काही धोंडे मुरमात अर्धे रुतलेले दाखवले तर जाणकार माणूस तिथेच थांबून पाहील.

बडोद्याचा_साचेकार (वडोदरा)

महूच्या सरांनी दगड इतका नेमका सांगितला आहे की आता हाताने काय करायचे तेवढेच मी लिहितो. माझा व्यवसाय साचे आणि ओतीव मूर्तींचा आहे; मॉडेल रेल्वे हा माझा छंद आहे.

साच्यासाठी पुष्कळ लोक रस्त्यावरची बेसाल्टची गिट्टी उचलतात. ताजी फुटलेली गिट्टी गुळगुळीत पृष्ठांची आणि धारदार असते. तिच्यात सहा मिलिमीटर अंतराच्या भेगा नसतात, त्यामुळे तिचा ठसा कड्यासारखा दिसत नाही. याला उत्तम पर्याय म्हणजे दगडी कोळसा. कोळशात एकमेकींना जवळपास काटकोनात छेदणाऱ्या बारीक भेगा असतात आणि तो आडव्या थरांत, पायऱ्यापायऱ्यांनी फुटतो. आपल्याला हवी तीच रचना लहान मापात आयती मिळते. ज्या भट्टीवाल्याकडे दगडी कोळसा असेल त्याच्याकडून तळहाताएवढे चार-सहा तुकडे निवडून आणावेत. इस्त्रीवाल्याकडचा लाकडी कोळसा इथे उपयोगाचा नाही, त्यात लाकडाच्या शिरा दिसतात. वरच्या झिजलेल्या पट्ट्यासाठी मात्र मुरमाचाच एखादा टणक तुकडा घ्यावा.

कोळसा ब्रशने झटकून घ्यावा, धुऊन पूर्ण वाळवावा आणि त्यावर शेलॅकचा (लाखेच्या वार्निशचा) एक अगदी पातळ हात द्यावा, म्हणजे भुकटी सुटणार नाही. मग द्रवरूप लेटेक्सचे (रबराच्या चिकाचे) थर ब्रशने चढवावेत. पहिला थर सर्वांत महत्त्वाचा असतो; तो पातळ असावा आणि प्रत्येक भेगेत ब्रशच्या टोकाने पोहोचवावा, कारण तिथे राहिलेला बुडबुडा प्रत्येक ओतीव तुकड्यावर पुटकुळी म्हणून उमटत राहतो. दुधाळ पांढरा रंग जाऊन थर पिवळसर आणि अर्धपारदर्शक झाला की पुढचा थर द्यावा. तीन-चार थरांनंतर जखमेवर बांधतात त्या जाळीदार गॉजचे तुकडे लेटेक्समध्ये भिजवून बसवावेत आणि वर आणखी काही थर द्यावेत. दोन भागांत मिळणारे सिलिकॉन रबर जास्त टिकते आणि आकसत नाही, पण महाग पडते. डोंगरासाठी लेटेक्स पुरेसे आहे. शिवाय ते लवचीक असल्यामुळे साचा वाकवून एकाच तुकड्याची निरनिराळी रूपे काढता येतात.

प्लास्टर ऑफ पॅरिस सियागंजात किंवा फॉल्स सीलिंगचे सामान विकणाऱ्या कोणत्याही दुकानात मिळेल. गोणी ताजी आहे ना हे पाहून घ्यावे. दमट हवेत उघडे राहिलेले प्लास्टर गुठळ्या धरते आणि नीट घट्ट होत नाही. १०० ग्रॅम प्लास्टरला ६० ते ७० मिलिलिटर पाणी घ्यावे. नेहमी पाण्यात प्लास्टर भुरभुरावे, प्लास्टरमध्ये पाणी ओतू नये; मिनिटभर भिजू द्यावे आणि मग सावकाश ढवळावे. भांड्याला आधीचे घट्ट झालेले प्लास्टर चिकटलेले असेल तर नवे मिश्रण फार लवकर आळते, म्हणून भांडे स्वच्छ हवे. जास्त वेळ हवा असेल तर पाण्यात चिमूटभर लिंबूसत्त्व घालावे. हे काम करताना नाकातोंडावर मास्क लावावा आणि उरलेले मिश्रण बेसिनमध्ये कधीही ओतू नये. ते नळीत जाऊन दगड होते.

आता मुख्य कृती. साच्यात सुमारे पाच मिलिमीटर जाडीचा थर ओता आणि थांबा. प्लास्टरची चकाकी गेली आणि साचा किंचित वाकवल्यावर पृष्ठभागावर बारीक चिरा दिसू लागल्या, की तो साच्यासकट उचलून डोंगराच्या ओल्या केलेल्या पायावर दाबून बसवा. हाताला ऊब लागेपर्यंत धरून ठेवा. प्लास्टर पाणी शोषून पुन्हा जिप्सम होताना उष्णता बाहेर टाकते, तीच ती ऊब. त्यानंतर साचा कडेकडेने सोलून काढा. अशा रीतीने ओतीव तुकडा डोंगराच्या वळणानुसार वाकतो आणि भिंतीवर चिकटवलेल्या फरशीसारखा वेगळा दिसत नाही. मागचा पाया कोरडा असेल तर तो ताज्या प्लास्टरमधले पाणी ओढून घेतो आणि तुकडा काही दिवसांनी सुटून पडतो, म्हणून पाया स्प्रेने आधी भिजवणे आवश्यक आहे.

दोन तुकड्यांमधील फटीत पातळ प्लास्टर भरून, नखाने रेघ उमटेल इतके ते मऊ असतानाच जुन्या सुरीच्या टोकाने शेजारच्या भेगा त्यात पुढे न्याव्यात. कातळ पुढे खरा वाटेल की साच्याच्या ठशांची रांग दिसेल, हे या सांध्यांवरच ठरते. माझा निम्म्याहून अधिक वेळ यातच जातो आणि तो द्यावाच असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

वजनाविषयी: एका चौरस मीटरवर पाच मिलिमीटरचे कवच म्हणजे पाच लिटर प्लास्टर आणि पूर्ण वाळल्यावर साधारण साडेपाच ते सहा किलो. आत थर्माकोलचा पायऱ्यांचा गाभा करून त्यावर प्लास्टरच्या बँडेजचा एकच थर दिला, तर एवढ्या वजनात भक्कम डोंगर होतो. गाडी हाताळताना जिथे हाताचा धक्का लागेल त्या कोपऱ्यांसाठी दातांच्या कवळीच्या साच्यांना वापरतात तो डेंटल स्टोन घ्यावा. त्याला १०० ग्रॅमला ३० मिलिलिटरच्या आसपासच पाणी लागते, म्हणून तो फार घट्ट आणि टणक होतो.

नॅरोगेज_ग्वाल्हेर (ग्वाल्हेर)

वजन हाच प्रश्न असेल तर प्लास्टर पूर्ण टाळता येते, हे सुचवावेसे वाटते. ग्वाल्हेर–श्योपूर या दोन फुटी मार्गाच्या माझ्या मॉडेलमध्ये मी सगळे दगड फोममध्ये कोरले आहेत. आमच्या किल्ल्याच्या टेकडीचा वालुकाश्म थराथराने कापलेला दिसतो. शीतगृहांच्या भिंतींना लावतात त्या दाट एक्स्ट्रुडेड फोमचे पातळ थर मोडून एकावर एक चिकटवले की तो उत्तम साधतो. चिकटवायला फेव्हिकॉल वापरावा. सॉल्व्हंटचा गोंद फोम विरघळवून टाकतो. तापलेल्या तारेने कापताना खिडक्या उघड्या असाव्यात, तो धूर आरोग्याला घातक आहे. आपल्या फळीवर हे केले तर ती एकट्याने उचलता येईल.

बडोद्याचा_साचेकार (वडोदरा)

ग्वाल्हेरच्या मित्रांचे म्हणणे वालुकाश्मासाठी मला पूर्ण मान्य आहे. बेसाल्टच्या बाबतीत मात्र मी सहमत नाही, निदान प्रेक्षकाच्या जवळच्या भागासाठी तरी नाही. साधा थर्माकोल मोडला की अडीच मिलिमीटरचे दाणे उघडे पडतात; १:८७ मध्ये ते वीस-बावीस सेंटिमीटरचे गोळे झाले आणि असा दगड कुठेच नसतो. दाट फोममध्ये दाणे नसतात, पण उभ्या भेगांचे जाळे प्रत्येक ठिकाणी हाताने कोरावे लागते आणि हात लवकरच एकच नक्षी पुन्हा काढू लागतो. म्हणून मागच्या ओळीतील, दोन फुटांपलीकडील कडे कोरीव फोमचे आणि रुळालगतचे कटिंग ओतीव प्लास्टरचे, अशी विभागणी करावी.

मीटरगेज_इंदूर (इंदूर)

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिले, त्याबद्दल आभार. थर आडवे ठेवून रूळ चढवण्याची सरांची सूचना मी आजच चौकटीवर आखून घेतली आणि पेन्सिलच्या रेषांमध्येसुद्धा चढ स्पष्ट दिसू लागला.

आता रंगाविषयी विचारतो. मला पाऊस संपतानाचा घाट दाखवायचा आहे. बेसाल्ट काळा असतो असे आपण म्हणतो, पण माझ्याजवळच्या छायाचित्रांत कटिंग कुठे राखाडी, कुठे तपकिरी आणि कुठे काळे दिसते. मूळ रंग कोणता धरावा?

कातळवाचक (महू)

ही तिन्ही रूपे खरी आहेत. ताजा फुटलेला बेसाल्ट निळसर काळा असतो, मात्र त्यातील लोहयुक्त खनिजे हवा-पाण्याने गंजतात आणि पृष्ठभाग राखाडी-तपकिरी होतो. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० मध्ये एक कोटी रुपयांचे कर्ज देऊ केले आणि त्या दशकात हा मार्ग बांधला गेला. म्हणजे ही कटिंगे जवळपास दीडशे पावसाळे भिजलेली आहेत. म्हणून मूळ रंग तपकिरीकडे झुकणारा राखाडी धरावा. निळसर काळा रंग फक्त जिथे अलीकडे दरड सुटली आहे तिथे, एखाद्या ताज्या खाचेपुरता द्यावा. पावसाळ्याच्या शेवटी कड्यावरून पाणी झिरपते त्या वाटा काळपट असतात; शेवाळ वाळून तिथे उभे काळे ओघळ उरतात. ते वरच्या गवताळ पायरीच्या कडेपासून सुरू झाले पाहिजेत, कारण पाणी तिथूनच येते.

बडोद्याचा_साचेकार (वडोदरा)

प्लास्टर पूर्ण वाळल्याशिवाय रंगाला हात लावू नये. १०० ग्रॅम प्लास्टरला रासायनिक दृष्ट्या १९ ग्रॅमच्या आसपासच पाणी लागते. बाकीचे सगळे पाणी हळूहळू उडून जावे लागते आणि श्रावण-भाद्रपदाच्या हवेत त्याला बराच काळ लागतो. तुकडा गालाला लावून पाहावा. थंड लागला तर अजून ओल आहे. पाणी उडाल्यावर राहिलेल्या बारीक रंध्रांमुळेच प्लास्टर रंग छान शोषते, म्हणून जाड रंग थापण्याऐवजी अगदी पातळ पाणीदार हात द्यावेत.

मी अॅक्रिलिकचे तीन पातळ रंग तयार ठेवतो: फिकट राखाडी, मातकट तपकिरी आणि थोडा पिवळसर. स्पंजाने त्यांचे ठिपके अनियमितपणे टाकावेत, एकमेकांत मिसळू द्यावेत आणि सगळीकडे एकसारखी छटा येणार नाही याची काळजी घ्यावी. ते वाळले की काळ्या शाईचे अतिशय पातळ पाणी वरून सोडावे. ते भेगांत उतरते आणि कडा उठून दिसतात. शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट राखाडी रंग फक्त उठावांवर फिरवावा. तांबड्या पट्ट्यासाठी गेरूची पूड फेव्हिकॉलच्या पातळ पाण्यात कालवून वापरावी. बाजारच्या कोणत्याही लाल रंगापेक्षा तिची छटा जास्त खरी वाटते. हे सर्व ज्या दिव्याखाली मॉडेल पाहिले जाणार आहे त्याच दिव्याखाली करावे. पिवळ्या दिव्यात जमलेला तपकिरी पांढऱ्या एलईडीखाली हिरवट दिसू शकतो.

कातळवाचक (महू)

पायथ्याच्या ढिगाऱ्यासाठी खडी-क्रशरवरची बारीक भुकटी चाळून वापरा. तिथे खराच बेसाल्ट शोभतो आणि तो कड्याच्या पायाशी साचलेला असावा. मात्र पसरण्यापूर्वी त्यावरून कागदात गुंडाळलेले एक शक्तिशाली चुंबक दोन-तीनदा फिरवा. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असते. त्याचे कण इंजिनच्या मोटरमधील चुंबकाकडे खेचले जातात आणि गिअर खराब करतात. चुंबकाला चिकटलेली भुकटी वेगळी काढून ती रुळापासून लांब, दरीच्या तळाशी वापरता येईल.

बडोद्याचा_साचेकार (वडोदरा)

आणि कातळ बसवण्याआधी एक काम करा. सर्वांत लांब डब्याच्या दोन्ही बाजूंना, मध्यभागी आणि टोकांना, पेन्सिली बांधून तो वळणावरून आणि बोगद्याच्या जागेतून हाताने ढकला. वळणाच्या आतल्या बाजूला डब्याचा मध्य आणि बाहेरच्या बाजूला त्याची टोके किती झुकतात, ते फळीवर आपोआप आखले जाईल. त्या रेषेबाहेर निदान पाच मिलिमीटर जागा सोडून कातळाचा पाया धरा. रूळ कागदी टेपने झाका आणि ओतकाम, रंग सगळे संपल्यावरच खडी पसरा, म्हणजे प्लास्टरचे शिंतोडे स्लीपरच्या मधून खरवडत बसावे लागणार नाहीत.

मीटरगेज_इंदूर (इंदूर)

तसेच करतो. कोळशाचे तुकडे मिळाले आहेत आणि शेलॅकचा हात वाळतो आहे. पहिले कटिंग रंगवून झाले की दिवसाच्या उजेडातील आणि एलईडीखालील अशी दोन्ही छायाचित्रे इथे टाकीन. तांबड्या पट्ट्याची जाडी आणि उंची योग्य आहे का, ते सरांनी कृपया पाहावे.